बादलीला भोकं पाडण्याआधी आणि नंतर

भाजीसाठी भांडं निवडताना मी आधी खोली बघते. टोमॅटो, वांगी, मिरची यांची मुळं खाली उतरायला मागतात, आणि दिसायला देखण्या असलेल्या बऱ्याच कुंड्या नेमक्या रुंद आणि उथळ असतात. बेकरीत क्रीम, जॅम, फळांचा गर ज्या मोठ्या बादल्यांतून येतो त्या साधारण ३० सेंटीमीटर रुंद, ३५ ते ३७ सेंटीमीटर खोल आणि १८ ते २० लिटर मापाच्या असतात. टोमॅटोच्या एका झाडाला शेवटपर्यंत पुरेल एवढी ही जागा आहे. आतला माल संपला की तीच बादली तिथल्या लोकांना अडगळ वाटू लागते, म्हणून ती फुकट मिळते. ज्यांना भाजी लावायची आहे पण कुंड्यांच्या खर्चापाशी गाडी अडते, त्यांनी हे करावंच असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच एवढं सविस्तर लिहिते आहे.

मागायला जाताना वेळ साधावी लागते. गिऱ्हाइकांची गर्दी असताना रिकाम्या बादल्यांबद्दल बोलायला कोणाला सवड असणार? मी दुपारची निवांत वेळ धरून गेले आणि काउंटरवर न थांबता आत काम करणाऱ्या माणसाशी बोलू देता का, असं विचारलं. काउंटरवरच्या माणसाला बादलीत काय होतं ते नक्की माहीत नसतं. जो रोज ती उघडतो आणि खरवडून रिकामी करतो, त्याला माहीत असतं. ‘दादा, क्रीमच्या बादल्या रिकाम्या झाल्या की काय करता?’ एवढंच विचारलं. ‘धुवायला वेळ नाही ताई, ठेवायला जागा नाही. न्या की. पण नेमानं येत जा, मग तुमच्यासाठी बाजूला ठेवत जाईन.’ तेव्हापासून ठरलेल्या दिवशी जाते आणि पहिल्या तोडणीतल्या मिरच्या आधी त्यांच्याकडे पोचवते. आइस्क्रीमची दुकानं, मोठी कॅन्टीन, उपाहारगृहांची स्वयंपाकघरं इथेही अशा बादल्या निघतात. काही ठिकाणी त्या भंगारात विकल्या जातात. तिथे आग्रह धरू नये. मागच्या दाराशी पडलेली बादली न विचारता उचलणं तर अजिबात नको. आणि झाकणं मात्र आवर्जून मागून घ्यावीत, ती पुढे कामाला येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बादलीच्या बुडाशी त्रिकोण आणि त्यात एक आकडा असतो. ही खूण १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने सुरू केली, आणि ती फक्त प्लास्टिकची जात सांगते. २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. अन्नाच्या बादल्या बहुतेक याच दोन जातींच्या असतात आणि दोन्ही भाजीसाठी चांगल्या. पण आकडा २ आहे म्हणून बादली अन्नाच्या योग्यतेची ठरत नाही. त्याच एचडीपीईच्या बादल्यांतून वंगण, जंतुनाशकं आणि बांधकामाची रसायनंही येतात. अन्नासाठी बनवलेल्या बादलीत रंग, साच्यातून सुटी होण्यासाठी वापरलेले पदार्थ, मिसळलेली इतर द्रव्यं यांवर बंधन असतं. तो फरक त्रिकोणात दिसत नाही. पेला आणि काटेचमचा (फोर्क) यांचं चित्र असेल तर ती अन्नाला चालणाऱ्या वस्तूची खूण. युरोपीय संघाच्या नियमांतून ती रूढ झाली आहे. पांढरा रंग म्हणजे अन्नाचीच बादली, हाही समज खरा नाही.

म्हणून मी मूळ लेबल बघते आणि रिकामी करणाऱ्याला विचारते. आत काय होतं, हे तर विचारतेच. त्याचबरोबर हेही विचारते की माल संपल्यावर बादली दुसऱ्या कशाला वापरली होती का. कारण क्रीमची बादली मधल्या काळात फरशी पुसायला किंवा फिनेल ठेवायला वापरली गेलेली असू शकते. उत्तर ठाम मिळालं नाही तर ती बादली मी घेते, पण तिच्यात फुलझाड लावते किंवा खुरपी, सुतळी असं सामान ठेवते. खाण्याची भाजी तिच्यात नाही. रंगाच्या बादल्यांबद्दल तर मी हट्टीच आहे. घासून लख्ख केली तरी रंगाची बादली ती रंगाचीच; डब्यातला रंग टिकावा म्हणून त्यात बुरशी आणि जिवाणू मारणारी द्रव्यं घातलेली असतात. अन्नाच्या बादल्या इतक्या सहज मिळत असताना तो धोका कशाला पत्करायचा?

धुणं सोपं आहे, फक्त चिकाटी लागते. क्रीमचा स्निग्ध थर आधी कागदाने पुसून काढायचा. थेट पाणी ओतलं की तो मोरीत जाऊन गोठतो. मग गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ घासणी. लोणच्याच्या, व्हिनेगरच्या बादल्यांना आंबट वास धरून राहतो. खाण्याच्या सोड्याची पेस्ट आतून फासून रात्रभर ठेवायची, धुवायची, आणि उघडी बादली काही दिवस उन्हात पालथी न घालता आडवी ठेवायची. वास बराचसा झाकणाच्या आतल्या रबरी रिंगेत लपलेला असतो, ती उचकटून काढली की निम्मं काम होतं. उरलेला वास रोपाला काही करत नाही. मीठ मात्र करतं. म्हणून खाऱ्या मालाची बादली पाण्याने पुन्हा पुन्हा भरून रिकामी करावी. एक सावधगिरी अगदी कळकळीने सांगते: व्हिनेगर असलेल्या बादलीत ब्लीच ओतू नका. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो आणि तो फुप्फुसांना इजा करतो. आधीच्या हंगामात रोगट झाड असलेली बादली निर्जंतुक करायची असेल तर ती साबणाने धुऊन, खळखळून विसळून, मगच १ भाग ब्लीच आणि ९ भाग पाणी असं मिश्रण वापरावं, तेही मोकळ्या हवेत.

इथून पुढे बादलीशी उलटं वागायचं असतं. ती बनवली आहे थेंबही गळू नये म्हणून, आणि झाडाला ती नेमकी गळायला हवी. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीत ओल आहे पण मोकळ्या जागांत हवाही खेळते आहे, ती स्थिती बादलीत आणणं हेच या सगळ्या उद्योगाचं मर्म आहे.

भोकं पाडण्याआधी बादली पालथी घालून तिचं बूड नीट बघा. कडेने एक उंच गोल कडा असते आणि मधला भाग थोडा आत गेलेला असतो. बादली सपाट फरशीवर ठेवली की ती कडा जमिनीला चिकटून बसते. बुडाला कितीही भोकं असली तरी पाणी त्या खळग्यात अडकतं, बाहेर पडत नाही. वरून पाणी घालताना हे कळत नाही. माती वरून कोरडी आणि खाली चिखल. म्हणून मी दोन प्रकारची भोकं पाडते. ६ ते ८ भोकं बुडाला, ८ ते १० मिलिमीटर रुंदीची, आणि चार भोकं बाजूच्या भिंतीला अगदी तळाशी, बुडापासून बोटभर उंचीवर. शिवाय खाली विटांचे तुकडे ठेवून बादली थोडी उचलून धरते, म्हणजे खालून हवा फिरते आणि फरशीवर कायमचा ओला डागही पडत नाही.

ड्रिल असेल तर ते हळू वेगात, फार न दाबता चालवावं. आतून लाकडाचा ठोकळा धरला की बूड थरथरत नाही आणि भोक फाटत नाही. एचडीपीई मऊ असतं, त्याच्या लांब गुंडाळ्या निघतात. पॉलिप्रॉपिलीन थंडीत ठिसूळ होतं आणि जोर दिला तर भोकापासून भेग जाते, म्हणून त्या बादल्या मी ऊन आल्यावर घेते. सगळा चुरा खाली पसरलेल्या जुन्या चादरीवर पडतो आणि मी तो कचऱ्यात टाकते. मातीत प्लास्टिकचा चुरा मिसळायला नको म्हणून एवढी खबरदारी. तापवलेल्या खिळ्यानेही भोकं पडतात, पण जळत्या प्लास्टिकचा धूर नाकात जातो. दुसरा उपाय नसेल तर ते अंगणात, वारा जिकडून येतो तिकडे पाठ करून करावं.

भोकांवर खापराचा तुकडा किंवा जाळी ठेवणं ठीक आहे, माती वाहून जात नाही. पण बुडाशी खडीचा जाड थर घातला की निचरा सुधारतो हे जे सर्रास सांगितलं जातं ते उलट आहे. माती तळाशी काही उंचीपर्यंत पाणी धरून ठेवते; ती उंची मातीच्या कणांवर ठरते. खाली खडी असली तरी पाणी मातीतून खडीत सहजासहजी उतरत नाही, तो ओला पट्टा तसाच खडीच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ सरकतो. खडीने मुळांची जागा खाल्ली ती वेगळीच. उथळ कुंडीपेक्षा खोल बादली चांगली का, याचं उत्तरही यातच आहे: ओला पट्टा दोन्हींत सारखाच जाड, पण बादलीत त्याच्या वर मोकळी माती भरपूर उरते.

माती म्हणजे नुसती बागेतली माती नव्हे. ती बादलीत दोन-चार पाण्यांत घट्ट बसते आणि कडेने भेगा पडून सगळं पाणी त्या भेगांतून निघून जातं. मी एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि एक भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असं घमेल्यात कालवते. कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावं. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारली की फुटावा, असं मिश्रण झालं की भरायचं. वर बोट-दोन बोटं जागा सोडायची, पाणी घालायला आणि नंतर आच्छादनाला. मिश्रण पुढे खाली बसतंच. तेव्हा कंपोस्टची भर घालते.

बादली जिथे राहणार तिथेच नेऊन भरावी. भिजल्यावर तिचं वजन २० किलोंच्या आसपास, कधी त्याहून जास्तही जातं. तारेची कडी रिकाम्या बादलीला ठीक, पण भरलेली बादली कडीने उचलली की बाजूचे प्लास्टिकचे कान तुटतात. आणि गच्चीवर किंवा गॅलरीत अशा बादल्यांची रांग लावायची असेल तर वजनाची बेरीज आधी करा. गॅलरीच्या बाहेरच्या टोकाला गर्दी करू नये, भिंतीलगत ठेवाव्यात.

उन्हाचं म्हणाल तर फळभाज्यांना दिवसाला किमान ६ तास थेट ऊन हवं. पालक, कोथिंबीर, सॅलड ३ ते ४ तासांवरही भागवतात. पण झाडाला हवं असलेलं ऊन बादलीला सोसत नाही, हा पेच आहे. पांढऱ्या बादलीच्या भिंतीतून उजेड आत झिरपतो. आतून हिरवं शेवाळ धरतं आणि मुळं त्या बाजूने मागे हटतात. गडद बादली तापते, आणि ज्या बाजूला दुपारचं ऊन लागतं तिथली पांढरी मुळी भाजून जाते. मी प्रत्येक बादलीला गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधते. उजेड अडतो, उष्णता कमी होते आणि प्लास्टिकही जास्त टिकतं. बादल्या एकमेकींना खेटून ठेवल्या तर त्या एकमेकींवर सावली धरतात.

किती झाडं लावायची, या प्रश्नावर मोह आवरावा लागतो. रोप हातात असताना बादली रिकामी दिसते. तरीही २० लिटरला एकच टोमॅटो, एकच वांगं. मिरचीची दोन चालतात. गाजर आणि मुळा यांना खोली छान मानवते, त्यांचं बी थेट बादलीत टाकून नंतर विरळणी करायची. टोमॅटोत उंच वाढत राहणारी जात असेल तर आधाराची काठी रोप लावतानाच रोवते, नंतर रोवली की मुळं तुटतात.

पाणी हा रोजचा विषय. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून बघणं यापेक्षा चांगली परीक्षा मला सापडलेली नाही. ओल लागली तर पाणी नाही. कोरडं लागलं तर खालच्या भोकांतून पाणी येईपर्यंत. थोडं थोडं शिंपडल्याने वरचा थर ओला राहतो आणि मुळं वरच घुटमळतात. टोमॅटोच्या पहिल्या फळांच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग येतो तो बहुतेक वेळा याच गडबडीतून. तो रोग नसून फळाला कॅल्शियम न पोचल्याची खूण आहे, आणि कॅल्शियम मातीत असूनही पोचत नाही, कारण ते पाण्याबरोबरच वर चढतं. एक दिवस सुकी माती, दुसऱ्या दिवशी पूर, असं झालं की पुरवठा तुटतो. अंड्याची टरफलं पुरून लगेच गुण येत नाही, ती फार सावकाश कुजतात. मी पाण्याची वेळ नियमित केली, वर वाळक्या पानांचं जाड आच्छादन घातलं आणि पुढचे घड स्वच्छ निघाले.

जिथे रोज पाणी घालणं जमत नाही तिथे दोन बादल्यांची जोडी लावते. एकात एक घातलेल्या बादल्यांच्या बुडांमध्ये काही सेंटीमीटरची पोकळी राहते. तेच पाण्याचं टाकं. आतल्या बादलीच्या बुडाला मधोमध मोठं भोक पाडून त्यात एक लहान डबा बसवायचा, सगळीकडून भोकं पाडलेला. त्यात ओलं मिश्रण दाबून भरलं की तो पाण्यात बुडून राहतो आणि ओल वर खेचतो. कडेने एक पाइप खालपर्यंत सोडायचा, त्यातून पाणी भरायचं. बाहेरच्या बादलीला, आतल्या बुडाच्या किंचित खाली, एक भोक हवंच. जास्तीचं पाणी तिथून बाहेर पडतं आणि वर हवेचा पट्टा राहतो. हे भोक नसेल तर पहिल्याच मोठ्या पावसात मुळं बुडतात. पाइपचं तोंड आणि हे भोक दोन्हींना बारीक जाळी लावायला विसरू नका, साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात. झाकण ताटलीसारखं खाली ठेवलं असेल तर तेही आठवड्यातून एकदा तरी पूर्ण रिकामं करून घासावं; अंड्यापासून उडणारा डास व्हायला उबदार हवेत दीड आठवडाही लागत नाही.

बादलीतलं खत पाण्याबरोबर वाहून जातं, जमिनीसारखा साठा मागे राहत नाही. फुलं लागल्यापासून दर दोन आठवड्यांनी पातळ केलेलं द्रवखत देते. दोन बादल्यांच्या जोडीत पाणी खालून वर जातं, त्यामुळे क्षार वरच्या थरात साठून पांढरी पापुद्री दिसू लागते. तेव्हा वरून भरपूर पाणी ओतून ते क्षार खाली वाहवून टाकायचे.

रिकाम्या बादल्या एकात एक रचून ठेवताना मध्ये लाकडाची चीप किंवा दुमडलेला पुठ्ठा घालते. नाहीतर आत हवा शिरायला वाट राहत नाही आणि दोघींनी मिळून ओढल्या तरी त्या सुटत नाहीत. अडकल्याच तर बाहेरच्या बादलीवर गरम पाणी ओतायचं, ती किंचित फुगते आणि पकड सैल होते.

उन्हातली बादली कायमची टिकत नाही. कडेला अंगठ्याने दाबून बघते. पांढरी रेघ उमटली किंवा हाताला खडूसारखी भुकटी लागली की तिचं प्लास्टिक थकलं. तिचे तुकडे पडून मातीत मिसळण्याआधी ती धुऊन पुनर्वापराच्या प्लास्टिकमध्ये द्यायची. आतली माती पसरून जुनी मुळं वेचते, तीन भागांना एक भाग नवं कंपोस्ट मिसळते आणि दुसऱ्या बादलीत भरते. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा हे एकाच कुळातले, एकाचे रोग दुसऱ्याला लागतात. म्हणून या मातीत पुढच्या हंगामात घेवडा किंवा पालक लावते आणि टोमॅटोसाठी वेगळी बादली धरते.